कोरपन्याची धूळ आणि हवेचा हिशेब

हिवाळ्यात कोरपना तालुक्यात गेलात, तर सकाळी रस्त्याकडेच्या शेतात उतरून पऱ्हाटीच्या पानावर बोट फिरवून पाहा. बोटाला करडी भुकटी लागेल. घरांच्या कवेलूंवर, अंगणातल्या तुळशीवर, सायकलच्या सीटवरही ती दिसेल. आता प्रश्न असा, की ही भुकटी कशाची? रस्त्यावरच्या मातीची? चुनखडी वाहणाऱ्या ट्रकमधून सांडलेली? की सिमेंट कारखान्याच्या धुराड्यातून आलेली? बोटाला याचे उत्तर देता येत नाही.

या भुकटीपेक्षा कितीतरी बारीक कण हवेत असतात. ते पानावर सहजासहजी बसत नाहीत आणि डोळ्यांना दिसतही नाहीत, पण श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात. म्हणजे जे दिसते त्याचा उगम कळत नाही आणि जे अधिक घातक आहे ते दिसत नाही. मग हवा बिघडली आहे हे माणसांना कळले कसे? कोणाला आधी कळले आणि कोणाला शेवटी? हा इतिहास पाहिला, तर लहान गावांतल्या हवेविषयी आपण इतके उशिरा का बोलू लागलो, हेही समजते.

डोळ्यांनी मोजलेला धूर

हवेच्या प्रदूषणाची पहिली जाणीव मोठ्या शहरांत झाली आणि ती काळ्या धुरामुळे झाली. लंडनमध्ये जॉन एव्हलिन या गृहस्थाने दगडी कोळशाच्या धुराविरुद्ध १६६१ मध्येच एक पुस्तिका लिहिली होती. पुढे कारखाने वाढले, तसा धूर किती काळा हे ठरवण्याची गरज भासू लागली. त्यासाठी मॅक्सिमिलियन रिंगेलमान या फ्रेंच प्राध्यापकाने १८८८ च्या सुमारास एक सोपी युक्ती काढली. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या काढायच्या. पहिल्या जाळीत कागदाचा २० टक्के भाग काळा, दुसरीत ४०, मग ६० आणि ८० टक्के. हा तक्ता काही अंतरावर टांगला, की जाळ्या करड्या छटांसारख्या दिसतात. धुराड्यातून निघणारा धूर कोणत्या छटेशी जुळतो ते पाहायचे आणि तो क्रमांक लिहून ठेवायचा. धुरावर देखरेख ठेवणाऱ्या निरीक्षकांनी हा तक्ता अनेक देशांत वापरला.

आपल्याकडेही धुराविरुद्धचे कायदे जुने आहेत. बंगालमध्ये १९०५ साली आणि मुंबईत १९१२ साली धुराच्या उपद्रवाचे कायदे झाले. या कायद्यांपुढे होती ती गिरण्यांची आणि बंदरांची शहरे. चांदा जिल्ह्यात त्या वेळी कोळशाच्या खाणी सुरू झाल्या होत्या आणि आजचा कोरपन्याचा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. तिथल्या हवेचा विचार करण्याचे कोणाला कारणच नव्हते.

काळ्या धुराची खरी किंमत लंडनला डिसेंबर १९५२ मध्ये कळली. ५ ते ९ डिसेंबर असे पाच दिवस धुके आणि कोळशाचा धूर एकत्र साचून राहिला. त्यात सुमारे ४,००० माणसे जास्तीची मेली, असा त्या वेळचा अंदाज होता. पुढच्या अभ्यासांनी हा आकडा १२,००० च्या घरात नेला. यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की धुके असताना लोकांना हा आकडा माहीत नव्हता. मृत्यूंच्या नोंदी मागच्या वर्षांच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावरच संकट किती मोठे होते ते उमगले. चार वर्षांनी, १९५६ साली, ब्रिटनमध्ये शुद्ध हवेचा कायदा झाला.

संत्र्यांच्या बागा आणि सिमेंट

शेतकरी आणि सिमेंट कारखाना यांच्यातला एक जुना वाद अमेरिकेतला आहे. विदर्भातल्या वाचकाला तो जवळचा वाटेल, कारण त्यात संत्र्यांच्या बागा आहेत. कॅलिफोर्नियातल्या कोल्टन गावाजवळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिमेंटचा कारखाना सुरू झाला. त्याची धूळ आसपासच्या संत्र्यांच्या पानांवर आणि फळांवर पडे. दव पडले, की तिचा चिकट थर होई आणि तो वाळून पापुद्र्यासारखा घट्ट बसे. बागायतदार न्यायालयात गेले. आम्ही नुकसानभरपाई देऊ, पण कारखाना थांबवू नका, असे कंपनीचे म्हणणे होते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ साली ते मान्य केले नाही. पैसे मोजून दुसऱ्याच्या बागेवर धूळ टाकण्याचा हक्क विकत घेता येणार नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ होता.

त्याच सुमारास बर्कलीच्या विद्यापीठात फ्रेडरिक कॉट्रेल हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक विजेच्या साहाय्याने धूर गाळण्याच्या प्रयोगांत गुंतले होते. कोल्टनजवळच्याच रिव्हरसाइडच्या सिमेंट कारखान्यालाही बागायतदारांच्या तक्रारींना तोंड द्यावे लागत होते. १९१२ च्या सुमारास तिथे कॉट्रेलचे यंत्र बसले. त्याचे तत्त्व सोपे आहे. धूळमिश्रित वायू धातूच्या पत्र्यांमधून जाऊ देतात. पत्र्यांच्या मध्ये तारा असतात आणि त्यांना हजारो व्होल्टचा दाब दिलेला असतो. तारेजवळच्या हवेत आयन तयार होतात, ते धूलिकणांना चिकटतात, आणि भारित झालेले कण पत्र्याकडे ओढले जाऊन तिथे बसतात. पत्र्यांवर अधूनमधून हातोडीचे ठोके पडतात आणि धूळ खालच्या नरसाळ्यात जमते. हे यंत्र आजही सिमेंट कारखान्यांत आणि औष्णिक वीजकेंद्रांत वापरात आहे.

हे यंत्र मुळात दुसऱ्या कामासाठी तयार झाले होते. सिमेंटच्या धुराड्याला ते जोडले गेले, ते बागायतदारांनी तक्रार केली आणि ती सोडली नाही म्हणून. धूळ कोठून येते, केव्हा येते आणि पिकाचे काय होते, हे त्यांना दाखवता आले होते. तंत्रज्ञान हाताशी असले तरी ते वापरात येण्यासाठी कोणीतरी जाणतेपणाने तक्रार करावी लागते.

चुनखडीच्या पट्ट्यात

आता कोरपन्याकडे येऊ. उत्तरेला पैनगंगेच्या बाजूची काळी जमीन, दक्षिणेला माणिकगडचे डोंगर, आणि जमिनीखाली चुनखडीचे जाड थर. या चुनखडीमुळेच १९८० च्या दशकात इथे सिमेंटचे कारखाने आले. आवारपूरचा लार्सन अँड टुब्रोचा कारखाना १९८३ साली सुरू झाला आणि त्यामागोमाग गडचांदूरला माणिकगड सिमेंटचा. पुढे उपरवाही आणि नारंडा इथेही कारखाने उभे राहिले. १९८३ हेच वर्ष चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाल्याचेही आहे. आज या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे.

एक टन क्लिंकर तयार करायला सुमारे दीड टन चुनखडी लागते. ती सुरुंग लावून फोडतात, यंत्रात भरडतात, दळतात आणि फिरत्या भट्टीत सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्यातून निघालेले क्लिंकरचे गोटे थंड करून पुन्हा दळतात, पोत्यांत भरतात आणि ट्रकमध्ये किंवा रेल्वेत चढवतात. यातल्या प्रत्येक पायरीवर धूळ उडते. आपले लक्ष उंच धुराड्याकडे जाते, पण खाणीतली, पट्ट्यांवरची आणि रस्त्यावरची धूळ जमिनीलगतच उडत असते आणि माणसाचे नाकही तिथेच असते. धुराड्याला विजेची गाळणी लावता येते, रस्त्याला लावता येत नाही. त्या गाळणीलाही एक मर्यादा आहे. भट्टीत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढले, तर ठिणगीने स्फोट होऊ नये म्हणून तिची वीज आपोआप बंद होते आणि तेवढा वेळ धूळ बाहेर पडते. अनेक ठिकाणी आता कापडी पिशव्यांच्या गाळण्या वापरतात, त्यांना हा धोका नसतो.

कारखान्याने गावाला रोजगार दिला, दुकाने आणली, शाळा आणि दवाखाने आणले, ही गोष्ट नाकारता येणार नाही. म्हणूनच धुळीविषयी बोलणे सोपे नसते. ज्या घरातला मुलगा खाणीत कामाला जातो, त्याच घरातली आजी अंगणातली धूळ दिवसातून दोनदा झाडत असते. या घराला कारखान्याचा शत्रू किंवा मित्र व्हायला सांगून काही साधणार नाही. त्यांना खरी माहिती हवी असते.

मोजणी आली, पण कोठे?

हवेच्या प्रदूषणाचा देशव्यापी कायदा १९८१ साली झाला. तो आणि आवारपूरचा कारखाना यांच्यात दोनच वर्षांचे अंतर आहे. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. मोजणीची सुरुवात याच्या थोडी आधीची. नागपूरच्या नीरी या संस्थेने १९७८ साली दहा मोठ्या शहरांत हवेची नियमित मोजणी सुरू केली आणि त्यांत नागपूरही होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १९८४ पासून हे काम विस्तारले. पुढे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची केंद्रे चंद्रपूर शहरात आणि घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा अशा ठिकाणीही आली.

मोजतात कसे, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. एक पंप काचतंतूंच्या गाळणकागदातून दिवसभर हवा ओढतो. कागद आधी तोलतात आणि नंतर पुन्हा तोलतात. समजा, पंप मिनिटाला १.१ घनमीटर हवा ओढतो. २४ तासांत १,५८४ घनमीटर हवा गेली. कागदाचे वजन ०.२४ ग्रॅमने, म्हणजे २,४०,००० मायक्रोग्रॅमने वाढले. भागाकार केला, की घनमीटरला सुमारे १५२ मायक्रोग्रॅम हे उत्तर येते. सातवी-आठवीच्या गणितात बसणारा हा हिशेब आहे.

सुरुवातीला हवेतली सगळी तरंगती धूळ एकत्र मोजत. नंतर कळले, की कणाचा आकार महत्त्वाचा. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण श्वसनमार्गात शिरतात आणि २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. शांत हवेत १० मायक्रॉनचा दगडी कण तासाला तीसेक मीटर खाली येतो, तर २.५ मायक्रॉनचा जेमतेम दोन मीटर. वारा जरासा असला तरी हा बारीक कण दूरवर जातो. पानावरची भुकटी गावातच पडते, बारीक कण मात्र तालुक्याची हद्द ओलांडतात.

१९९४ च्या राष्ट्रीय मानकांमधली एक गोष्ट इथे मुद्दाम सांगायला हवी. त्या मानकांनुसार निवासी भागात तरंगत्या धुळीची २४ तासांची मर्यादा २०० मायक्रोग्रॅम होती आणि औद्योगिक भागात ५००. म्हणजे एकाच देशातल्या दोन मुलांपैकी कारखान्याशेजारी राहणाऱ्या मुलाच्या वाट्याला अडीचपट धूळ कायद्याने मान्य केलेली होती. नोव्हेंबर २००९ मध्ये नवी मानके आली आणि हा भेद गेला. औद्योगिक, निवासी, ग्रामीण, सर्व भागांसाठी एकच मर्यादा ठरली. १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी दिवसाला १०० आणि २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी ६०. मानकांच्या तक्त्यात 'ग्रामीण' हा शब्द असणे कोरपन्यासारख्या तालुक्यासाठी मोठी गोष्ट आहे, पण तिची फारशी चर्चा झाली नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांचा एकत्रित प्रदूषण निर्देशांक प्रसिद्ध झाला. चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळाले आणि देशात चौथा क्रमांक लागला. वृत्तपत्रांनी हा आकडा उचलून धरला. जानेवारी २०१० मध्ये अशा ४३ अतिप्रदूषित क्षेत्रांत नव्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देणे तात्पुरते थांबले. चंद्रपूरकरांच्या बोलण्यात प्रदूषण हा विषय कायमचा आला. मात्र त्या क्षेत्रात चंद्रपूर, ताडाळी, घुग्घुस आणि बल्लारपूर यांची नावे होती. कोरपन्याचा सिमेंटचा पट्टा त्यात नव्हता. जिल्ह्याला जाग आली, ती जिथे मोजले गेले तिथल्या आकड्यांवरून.

आकड्याला रंग मिळाला

घनमीटरला इतके मायक्रोग्रॅम, हे वाक्य सामान्य माणसाला काहीच सांगत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक सुरू झाला. वेगवेगळ्या प्रदूषकांचे उपनिर्देशांक काढायचे आणि त्यांतला सर्वांत वाईट तो त्या ठिकाणचा निर्देशांक मानायचा. ० ते ५० चांगली हवा, तिचा रंग हिरवा. तिथून वाईट होत होत ४०१ ते ५०० पर्यंत. जून २०१७ मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने धुराड्यांतल्या धूलिकणांवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली. हॉटेलचे तारे ज्याला समजतात, त्याला हेही समजावे, ही त्यामागची कल्पना.

स्वयंसेवी संस्थांनी याहूनही सोपी भाषा शोधली. पांढऱ्या गाळणकापडाची मोठी फुप्फुसे चौकात उभी करायची आणि मागून पंख्याने हवा ओढायची. दिल्लीत २०१८ साली हे झाले, नंतर नवी मुंबईच्या खारघरला, आणि २०२२ च्या जानेवारीत चंद्रपुरात. पांढरी फुप्फुसे काही दिवसांतच काळवंडली. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला त्यासाठी अंकगणिताची गरज पडली नाही. पण शिक्षकाने इथे एक प्रश्न विचारायला हवा. काळे झालेले कापड 'किती' हे सांगते का? 'कशामुळे' हे सांगते का? ते लक्ष वेधून घेते, आणि त्यापुढचे काम मोजणीनेच करावे लागते.

जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर झाला. त्याच्या पहिल्या यादीत १०२ शहरे होती. विदर्भातून नागपूर, अमरावती, अकोला आणि चंद्रपूर यांचा त्यात समावेश झाला. अकोल्यासारख्या शहरांची हवा राष्ट्रीय यादीत येणे ही चांगली सुरुवात होती. तरी ही यादी शहरांची आहे, तालुक्यांची नाही. चंद्रपूरचा निर्देशांक मोबाइलवर पाहून गडचांदूरच्या मुलाला आपल्या हवेविषयी फारसे कळत नाही, कारण दोहोंमध्ये सुमारे चाळीस किलोमीटर अंतर आहे आणि धुळीची कारणेही वेगळी आहेत.

जनसुनावणीतला शिक्षक

लहान गावाच्या हाती मात्र एक साधन १९९७ पासून आहे, ते म्हणजे जनसुनावणी. मोठा प्रकल्प किंवा विस्तार येणार असेल, तर लोकांचे म्हणणे ऐकणे त्या वर्षी बंधनकारक झाले. २००६ च्या अधिसूचनेनुसार किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. त्या सारांशात गावागावांतल्या हवेच्या मोजणीचे तक्ते असतात. तालुक्याच्या हवेची जी माहिती शहराच्या निर्देशांकात नाही, तिचा काही भाग इथे सापडतो. पण तक्ता वाचणार कोण? सुनावणीत लोक नोकरीविषयी, जमिनीच्या मोबदल्याविषयी, धुळीविषयी पोटतिडकीने बोलतात. मोजणी कोणत्या महिन्यात झाली, पावसाळ्यात की हिवाळ्यात, वारा कोणत्या दिशेचा होता, केंद्र गावाच्या कोणत्या बाजूला होते, हे विचारणारा एखादा उठला, तर उत्तर इतिवृत्तात नोंदवावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिलेला आदेश इथे आठवतो. चित्रपटगृहांत, आकाशवाणीवर आणि दूरदर्शनवर पर्यावरणाची माहिती द्यावी आणि शाळा-महाविद्यालयांत तो विषय सक्तीचा करावा, असे त्यात सांगितले होते. विषय आला, पुस्तक आले, गुणही आले. पुस्तकात लंडनचे धुके असते, दिल्लीचा धूर असतो. आपल्या तालुक्याची धूळ मात्र शिक्षकालाच आणावी लागते.

हळदीच्या कागदाची कसोटी

ती आणण्याचा एक सोपा मार्ग सांगतो. हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाला लावा आणि वाळवा. हा कागद अल्कधर्मी पदार्थाने लालसर तपकिरी होतो. ताजे सिमेंट पाण्यात कालवले तर ते चांगलेच अल्कधर्मी असते, साधी माती सहसा तितकी नसते. विद्यार्थ्यांनी रस्त्याजवळच्या, शेताच्या मध्यावरच्या आणि शाळेच्या छतावरच्या पानांवरची धूळ वेगवेगळ्या पुड्यांत गोळा करावी. प्रत्येकीत थेंबभर पाणी घालून कागदावर ठेवावी. तुलनेसाठी शेतातली खालच्या थरातली माती आणि पोत्यातले थोडे सिमेंट घ्यावे, आणि नंतर हात स्वच्छ धुवावेत. कागद लाल झाला, तर काय सिद्ध झाले? नाही झाला, तर काय? उघड्यावर राहिलेल्या सिमेंटचा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन अल्कधर्म कमी होतो, चुलीची राखही कागद लाल करू शकते, आणि ट्रकमधून सांडलेली चुनखडी कागद सिमेंटइतका लाल करणार नाही. या शंका मुलांनीच काढाव्यात.

या कसोटीने धूळ कोणाची हे ठरणार नाही. पण पऱ्हाटीच्या पानावर बोट फिरवून 'धूळ आहे' एवढेच म्हणणारा विद्यार्थी आता 'कशाची, कोठली, किती आणि कशावरून' असे विचारू लागेल. कोल्टनच्या बागायतदारांनाही हेच विचारावे लागले होते. काही वर्षांनी तालुक्यात पुन्हा जनसुनावणी होईल, तेव्हा हा विद्यार्थी मतदार झालेला असेल. समोरचा तक्ता त्याला वाचता यावा, एवढी तयारी आजच्या तासाला करता येते.